चहाच्या मळ्यातले शब्द

आमच्या बचत गटाची बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी माझ्याच घरी असते. हिशेब झाले की चहा होतो, आणि चहा झाला की खऱ्या गप्पा सुरू होतात. गेल्या वेळी कुणीतरी फ्रिजवरचा माझा फोटो काढून हातात घेतला. दार्जिलिंगच्या सहलीतला. आम्ही बारा जणी गेलो होतो. तिथे मळ्याच्या कडेला पैसे देऊन पोशाख भाड्याने मिळतो. चोळी, रंगीत पदर, डोक्याला रुमाल, पाठीला टोपली. घालायचा, झुडपांत उभं राहायचं, हसायचं, फोटो! बाराही जणींनी काढले, मी काही मागे राहिले नाही.

फोटो हातोहात फिरला, "ताई, किती छान दिसताय," वगैरे झालं. मग तो आमच्या गटातल्या एका बाईकडे गेला. ती पंधरा-सोळा वर्षं ऊसतोडीला जात होती, आता कंबरेमुळे जात नाही. तिने फोटो नीट न्याहाळला आणि म्हणाली, "ताई, टोपली रिकामीच हाय की! आन् पट्टा खांद्याला कशापायी अडकवलाय? वजन कपाळावर घ्यावं लागत आसंल."

तिने चहाचा मळा कधी पाहिला नव्हता, पण वजन पाहिलं होतं! तिचं अगदी बरोबर होतं. त्या टोपलीला तिकडे 'डोको' म्हणतात आणि कपाळावरून येणाऱ्या पट्ट्याला 'नाम्लो'. पोशाखवाल्या बाईने मला तो पट्टा कपाळावर लावायला सांगितला होता, मीच "केस विस्कटतात" म्हणून खाली घेतला होता. हे काही मी बैठकीत सांगितलं नाही. आता इथे सांगते आहे.

त्या रात्री फोटोकडे पाहताना मला वाटलं, चहाबद्दल आपल्याला शब्द तरी किती येतात? आणि जे येतात ते कुठले आहेत?

ते आहेत स्वयंपाकघरातले नि बाजारातले. चहापाणी, चहापान, कटिंग, अमृततुल्य, चहा-पोह्यांचा कार्यक्रम. ('चहापाणी' म्हटलं की सरकारी कचेरीत काय अर्थ होतो ते मी सांगायला नको, आणि 'चहापान' म्हटलं की विधिमंडळ अधिवेशनाच्या आदल्या दिवशीचा विरोधकांचा बहिष्कार आठवतो.) चहा आणि चहाडी यांचं नातं शब्दकोशात नाही, पण ओट्याजवळ नक्की आहे. मळ्यातला मात्र एकही शब्द आपल्याकडे नाही. नाही म्हणायला शाळेच्या भूगोलात एक वाक्य होतं, 'आसामात चहाचे मळे आहेत.' मी ते परीक्षेत लिहून मार्क मिळवले आहेत.

मळा! मराठी माणसाला मळा म्हटलं की काय दिसतं? विहीर, मोट किंवा मोटार, उसाचा नाहीतर भाजीचा हिरवा तुकडा, पानमळा, घरच्या माणसांचा राबता. मळा आपला असतो. बंगाली-असमिया माणूस 'बागान' म्हणतो, त्यातली 'बाग' फारसीतून आलेली आणि तीही तशीच गोड. इंग्रजही 'गार्डन' म्हणाला. तीन भाषांनी मिळून त्या जागेला असं नाव दिलं की तिथे कुणी सक्तीने आणलं जात असेल अशी शंकाही येऊ नये. माझ्या मते हे शब्दांचं पहिलं लबाडपण.

खुद्द 'चहा' हा शब्द बिचारा निरपराध आहे. चीनमध्ये एकच अक्षर, पण दक्षिण किनाऱ्यावरच्या एका बोलीत त्याचा उच्चार 'ते' आणि बाकी बहुतेक ठिकाणी 'चा'. डच व्यापाऱ्यांनी 'ते' उचलला, त्याचा युरोपात 'टी' झाला. पोर्तुगीज मकाववरून 'चा' घेऊन आले, आणि खुष्कीच्या मार्गाने इराणात गेलेल्या 'चा'चा 'चाय' झाला. गंमत म्हणजे पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन 1662 मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सची राणी झाली, तेव्हा तिने इंग्रजी दरबारात चहाची आवड रुजवली असं म्हणतात, आणि तिच्याच हुंड्यात मुंबई बेट इंग्रजांना मिळालं. हुंड्याचा इतिहास शिकवायचा तर इथून सुरुवात करावी! आपला 'चहा' आणि असमियातला 'चाह' लिहायला किती जवळचे, पाहा. तिकडे उच्चार मात्र 'साह'सारखा होतो.

या 'चाह'वरून एका गावाचं नाव पडलं आहे. वरच्या आसामात दिब्रुगडजवळचं चाबुआ. 'चाह' आणि 'बोआ' म्हणजे लावणं, जिथे चहा लावला ते चाबुआ, असं सांगतात. 1830 च्या दशकात चार्ल्स ब्रूस या इंग्रजाने त्या भागात सरकारी रोपवाटिका केल्या. आसामचा पहिला चहा, म्हणजे आठ पेट्या, 10 जानेवारी 1839 ला लंडनमध्ये लिलावात विकला गेला. सिंगफो लोक त्याच्या कितीतरी आधीपासून रानातली चहाची पानं वापरत होते, पण 'शोध' ब्रूस बंधूंच्या नावावर लागला. असो.

दुसरं नाव जोरहाटजवळचं सिन्नामरा. तिथे मणिराम देवान या असमिया माणसाने स्वतःचा चहाचा मळा उभा केला. स्वतःच्या मालकीचा मळा लावणारा पहिला भारतीय म्हणून त्याचं नाव घेतात. 1857 च्या उठावात सामील असल्याच्या आरोपावरून त्याला 26 फेब्रुवारी 1858 ला फाशी दिलं गेलं. मी इतिहास घेऊन बी.ए. झाले आहे. नानासाहेब, तात्या टोपे, राणी लक्ष्मीबाई, सगळं पाठ होतं. मणिरामचं नाव पदवी मिळेपर्यंत माझ्या कानावर आलं नव्हतं.

आणि तिसरं माकुम. हे नाव वाचलं की मला अजूनही कसंतरी होतं. चहा कसा करायचा हे शिकवायला इंग्रजांनी सुरुवातीला चिनी कारागीर आसामात आणले. त्यातले काही तिथेच राहिले, स्थानिक मुलींशी लग्नं केली, माकुमला त्यांची वस्ती झाली. तिसरी-चौथी पिढी असमिया बोलत मोठी झाली. 1962 मध्ये चीनशी युद्ध झालं आणि या माणसांना एकाएकी उचलून रेल्वेने थेट राजस्थानात देवळीच्या छावणीत नेलं गेलं. आया, म्हातारी माणसं, शाळेतली मुलं. पुढे कित्येकांना चीनला पाठवलं, जो देश त्यांनी कधी पाहिलाही नव्हता. घरं फुटली. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे. रीटा चौधरी यांनी यावर 'मकाम' ही असमिया कादंबरी लिहिली, 2010 मध्ये, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनी लोक मोठ्याने बोलू लागले.

आता मळ्याच्या आत जाऊ. 'कुली' या शब्दापासूनच सुरुवात करते. त्याच्या मुळाबद्दल दोन मतं आहेत. तमिळमध्ये 'कूलि' म्हणजे मजुरी, म्हणजे माणसाच्या कामाचा मोबदला. दुसरं मत आपल्या पश्चिम किनाऱ्याकडच्या 'कोळी' नावाशी तो जोडतं. काहीही असो, मोबदल्याचं नाव किंवा जमातीचं नाव माणसाला चिकटलं आणि शिवी झाली. 2016 च्या रेल्वे अर्थसंकल्पात सुरेश प्रभूंनी स्टेशनवरच्या कुलींना 'सहायक' म्हणायचं जाहीर केलं. चांगली गोष्ट, पण आपण स्टेशनवर उतरल्यावर अजून काय हाक मारतो?

मळ्यांसाठी माणसं आणली गेली ती छोटानागपूरच्या पठारावरून, ओरिसातून, मध्य प्रांतातून, तेलुगू मुलखातून. मुंडा, उरांव, संथाळ, खडिया. आणणाऱ्या दलालाला 'आरकाठी' म्हणत. झाड हलवलं की पैसे पडतात, अशा थापा मारून हा आरकाठी लोकांना गोळा करी, असं तिकडच्या लोकांत अजून सांगतात. मळ्यावर पोचलं की 'सरदार'. राहायला 'लाईन'. (साहेबाच्या घराला 'बंगला', म्हणजे मुळात बंगाली धर्तीचं घर. बंगाल्याच्या घराचं नाव साहेबाला गेलं आणि मजुराच्या घराला नावच उरलं नाही, नुसती रांग!) रोजच्या नेमून दिलेल्या कामाला 'ठिका', रोजाच्या मजुरीला 'हाजिरा'. हजेरी म्हणजेच पगार. कायम नसलेल्या, हंगामापुरत्या घेतलेल्या मजुराला काय म्हणतात ठाऊक आहे? 'फालतू'. मूळ अर्थ 'जास्तीचा' एवढाच, हे मला मान्य आहे. पण घरी आल्यावर मुलाने विचारलं, "आई, तू कोण आहेस?" तर त्या बाईने काय सांगायचं?

मळ्याचं घड्याळही निराळं. 'बागान टाइम' आपल्या भारतीय वेळेच्या एक तास पुढे असतं. पूर्वेकडे सूर्य लवकर उगवतो, उजेड वाया जाऊ नये म्हणून. घरात पाणी भरून, भाकरतुकडा करून, मूल पाठीशी बांधून जाणाऱ्या बाईसाठी तो तास कुठून येतो, हा प्रश्न कुठल्याही घड्याळाला पडलेला नाही.

या साऱ्याला कायद्याची साथ होती. 1865 च्या कायद्याने मळ्यातल्या मजुराचा किमान महिना ठरला, पुरुषाला पाच रुपये, बाईला चार, मुलाला तीन. आणि त्याच कायद्याने मळेवाल्याला पळून जाणाऱ्या मजुराला वॉरंटशिवाय पकडण्याचा अधिकार दिला. 'बाई म्हणजे पुरुषापेक्षा एक रुपया कमी' हे कागदावर असं नीट लिहिलेलं वाचलं की आपल्या गावातला रोजंदारीचा दर आठवल्याशिवाय राहत नाही. आजही शेतावर 'गड्याला इतके, बाईला इतके' असंच बोलतात ना?

या गोष्टी बाहेर आणणाऱ्यांत एक नाव द्वारकानाथ गांगुली यांचं. 1886 मध्ये ते आसामात मळ्यांवर जाऊन आले आणि बंगाली 'संजीवनी'त व इंग्रजी पत्रात त्यांनी मजुरांचे हाल लिहिले. हे गृहस्थ पूर्वी 1869 मध्ये 'अबलाबांधव' नावाचं स्त्रियांसाठीचं नियतकालिक काढत होते, म्हणजे आपल्या या पुरवणीचे पूर्वजच म्हणायचे. त्यांची पत्नी कादंबिनी गांगुली त्याच 1886 मध्ये कलकत्त्याला डॉक्टर झाली, आणि त्याच वर्षी आपली आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाली. आनंदीबाईंवरची पुस्तकं, नाटकं, सिनेमे आपण पाहिले. कादंबिनी आपल्याला ओझरती माहीत. आणि नवऱ्याने त्या वर्षी कुठल्या वाटा तुडवल्या हे तर अजिबातच नाही.

मळ्यातला एक शब्द मात्र आपल्याही भाषेत आहे, 'मुलूख'. तिकडे 'मुलुक'. 1921 च्या मे महिन्यात चारगोला आणि लोंगाई खोऱ्यांतल्या (करीमगंजकडचा भाग, 2024 मध्ये त्या जिल्ह्याचं नाव श्रीभूमी झालं) हजारो मजुरांनी काम टाकलं आणि 'मुलुक चलो' म्हणत बायकामुलांसह पायी गावाकडे निघाले. गांधीजींचा जयजयकार करत ते चाँदपूरच्या स्टीमरच्या धक्क्यापर्यंत पोचले. आज ते बांगलादेशात आहे. 20 मेच्या रात्री तिथे स्टेशनवर झोपलेल्या या माणसांवर गुरखा सैनिकांनी हल्ला चढवला. पाठोपाठ कॉलऱ्याने माणसं गेली. रेल्वे आणि स्टीमरच्या कामगारांनी त्यांच्यासाठी संप केला. बांगलादेशातले चहा कामगार 20 मे आजही पाळतात.

2020 च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याहून पायी निघालेली माणसं आपण पाहिली ना? आमच्या हायवेवर आम्ही बायकांनी पोळ्या-भाजी वाटली होती. "कुठे निघालात?" विचारलं की एकच उत्तर यायचं, 'मुलुक'. 1921 ची गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती.

जे मुलखाला परतले नाहीत ते आसामातच राहिले. त्यांची मिळून एक बोली झाली, सादरी. पण ओळखीचं काय? जे मुंडा आणि उरांव झारखंडात अनुसूचित जमातीत मोडतात, त्यांचेच भाऊबंद आसामात कित्येक दशकं 'टी ट्राइब', 'चाय जनगोष्ठी' या नावाखाली त्या यादीबाहेर राहिले. आपल्या जमातीच्या नावाऐवजी पिकाचं नाव लागलं! उद्या आपल्याकडच्या भिल्ल-पावरा मजुरांना कुणी 'ऊस जमात' म्हटलं तर चालेल का आपल्याला?

ऊस म्हटल्यावर पुन्हा त्या फोटोवाल्या बाईकडे येते. मी तिला हे सगळं पुढच्या बैठकीत सांगितलं. माझा अंदाज होता, ती हळहळेल. ती म्हणाली, "ताई, आमच्यात बी हायतच की असले सबूद." आणि तिने बोटं मोजली. मुकादम. उचल. टोळी. खाडा. मोळी. फड. आणि 'कोयता'. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती माणसाला नाही, कोयत्याला. एक दिवस पडून राहिलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. खाडा नको म्हणून बाया काय काय सोसतात आणि काय काय काढून टाकतात, ते 2019 मध्ये बीडच्या बातम्यांतून आपण वाचलं आहे. ती बाई हे सांगत होती आणि आम्ही सगळ्या साखर घातलेला चहा पीत होतो. मी माझा कप खाली ठेवला, मग वाटलं हे नाटक झालं, पुन्हा उचलला.

काही जणी म्हणतील, शब्दांचं काय एवढं? नावं बदलून पोट भरतं का? माझी एक मैत्रीण अगदी हेच म्हणाली. वकील आहे, तिचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. 1951 च्या मळे कामगार कायद्याने पाळणाघर, घर, दवाखाना द्यायला लावलं, ते शब्दांच्या चर्चेने मिळालं नव्हतं. खरं आहे. पण मी तिला उलट विचारलं, नावाला किंमत नसती तर 'दार्जिलिंग' या नावासाठी एवढी लढाई का झाली? 2004 मध्ये त्या चहाला भौगोलिक उपदर्शन मिळालं, भारतातलं पहिलं. आता भलत्या चहाला दार्जिलिंग म्हणून विकलं तर गुन्हा. दोर्जे लिंग, वज्राची जागा, हे तिबेटी नाव मालमत्ता म्हणून जपलं गेलं. व्यापाऱ्याला नावाची किंमत बरोबर कळते. ऑरेंज पिको घ्या. त्यात ना संत्रं ना संत्र्याचा वास. 'पिको' म्हणजे चिनी बोलीत कोवळ्या पानावरची पांढरी लव. ती लव बोटांनी ओळखणाऱ्या बाईचं नाव कुठल्या डब्यावर आहे? आपण तर पानाचं नावही विसरलो, आपली ती 'ममरी' नाहीतर 'पावडर'. ते बारीक गोळीचं तंत्र 1930 मध्ये आसामातल्या आमगुरीच्या मळ्यात निघालं. त्यामुळे चहा स्वस्त झाला, कडक झाला आणि आपल्या दुधासाखरेत टिकला.

मैत्रीण गप्प बसली नाही, वकीलच ती. मग मी तिला मुन्नारचं सांगितलं. सप्टेंबर 2015. केरळच्या त्या गावात चहाचं पान खुडणाऱ्या हजारो बायका रस्त्यावर आल्या. बोनस निम्म्यावर आणला होता आणि रोज होता 232 रुपये. त्यांनी कंपनीला घेरलंच, पण युनियनच्या पुरुष पुढाऱ्यांनाही जवळ येऊ दिलं नाही, 'तुम्ही आमच्या नावावर बोलता आणि बंगल्यात राहता' म्हणून. नऊ दिवसांत वीस टक्के बोनस पदरात पडला, पुढे रोज 301 रुपये झाला. मागणी पाचशेची होती, तेव्हा जिंकल्या असं सरसकट म्हणवत नाही. पुढे त्यांच्यात फाटाफूटही झाली. पण त्यांनी स्वतःला जे नाव घेतलं ते पाहा, 'पेंपिळै ओरुमै'. बायकांची एकजूट. ना कुली, ना लेबर, ना फालतू. त्यांच्या रोजच्या तमिळ बोलीतलं, स्वयंपाकघरातलं वाटावं असं नाव. टीव्हीवाल्यांना ते उच्चारायला शिकावं लागलं.

वकीलबाई म्हणाल्या, "बरं, मग तू काय करणार आहेस?"

पहिलं म्हणजे मी दार्जिलिंगला त्या पोशाखवाल्या बाईशी काय बोलले होते ते आठवून पाहिलं. "कितने का?" आणि "एक और फोटो निकालो." एवढंच. तिने तिच्या खऱ्या टोपलीकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं होतं, मला कळलं नाही आणि बस सुटायची होती.

दुसरं, आमच्या गटाने आता एक वही केली आहे. वरच्या कोपऱ्यात त्या बाईचं नाव घातलं आहे, तिच्या परवानगीने, कारण शब्द तिचे आहेत. पहिल्या पानावर ऊसतोडीचे तेवीस शब्द झाले आहेत. दुसऱ्या पानावर विडी वळणाऱ्या दोघी सांगतात, मी लिहिते. तिसरं पान कोरं आहे. मैत्रिणींनो, तुमच्याकडे कांद्याच्या चाळीतले, द्राक्षबागेतले, मासळीच्या धक्क्यावरचे, धुणीभांडीवाल्या मावश्यांचे असे कामातले शब्द असतील तर वेळ काढून लिहून ठेवा. ज्यांचे आहेत त्यांना विचारून लिहा, आणि त्यांच्या उच्चारातच लिहा. शुद्धलेखन मागाहून पाहू.